विश्लेषण : मुंग्या, उंदीर आणि मधुमेह... घरातल्या या धोक्याकडे दुर्लक्ष का नको?

मधुमेह म्हटला की पथ्य, गोळ्या, इन्सुलिन आणि रोजचे चालणे यांचीच चर्चा होते. मात्र मोरीतल्या मुंग्या आणि रात्री घरात फिरणारा उंदीर यांचाही या आजाराशी थेट संबंध येतो. ‘आयसीएमआर-इंडियाब’च्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यांच्या घरातला मुंग्या-उंदरांचा बंदोबस्त हा निव्वळ स्वच्छतेचा नाही, तर उपचारांचाच भाग मानायला हवा.

मोरीत मुंग्या का येतात?

रक्तातील साखर साधारण १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या पुढे गेली की मूत्रपिंडे ती पूर्णपणे अडवू शकत नाहीत. ती लघवीवाटे बाहेर पडते आणि तिच्यावर मुंग्या येतात. आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांतही या खुणेची नोंद आहे. पण मुंग्या म्हणजे तपासणी नव्हे. उपाशीपोटी साखर १२६ वा त्याहून जास्त आली, तरी ती मधुमेहाच्या टप्प्यात धरली जाते. त्यामुळे ‘आमच्याकडे मुंग्या येत नाहीत, म्हणजे साखर नाही’ हा समज चुकीचा आहे.

साखर आटोक्यात, तरी मुंग्या?

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे लघवीवाटे साखर बाहेर टाकूनच काम करतात. ती घेणाऱ्यांच्या लघवीत रिपोर्ट चांगला असतानाही साखर असते. म्हणून मुंग्या पाहून घाबरून परस्पर गोळी बंद करू नये. लघवीनंतर भरपूर पाणी टाकावे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे लघवीचे भांडे लगेच धुवावे.

उशाशी ठेवलेली साखर

रात्री साखर ७० च्या खाली गेली तर लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्यावी लागते. म्हणून अनेक घरांत उशाशी ग्लुकोज, बिस्किटे असतात. पुडा अर्धवट उघडा राहिला की मुंग्या येतात, मागोमाग उंदीरही येतो. मग ऐन गरजेच्या वेळी हाती लागतो तो कुरतडलेला पुडा. यावर उपाय म्हणजे उशाची साखर काढून टाकणे नव्हे, तर ती घट्ट फिरकीच्या झाकणाच्या डब्यात ठेवणे.

उंदीर चावला तरी कळत का नाही?

हा सर्वांत गंभीर भाग आहे. दीर्घकाळ साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसांची संवेदना जाते. झोपेत उंदराने बोट कुरतडले, तरी रुग्णाला जाग येत नाही. सकाळी चादरीवर रक्त दिसते, तेव्हा घरच्यांना कळते. भारतासह आफ्रिकेतील डॉक्टरांनीही अशा रुग्णांची नोंद केली आहे. रक्तपुरवठा कमी असेल तर जखम भरत नाही, जंतुसंसर्ग वाढतो आणि प्रसंगी बोट किंवा पाय कापावा लागतो.

काय करावे?

- रोज रात्री दोन्ही पाय, तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहाव्यात. दिसत नसेल तर आरसा घ्यावा किंवा घरच्यांनी पाहावे.
- जमिनीवर झोपणे टाळावे, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी.
- खरकटे रात्रभर ठेवू नये, मोरीला जाळी बसवावी.
- चावा दिसला तर साबण आणि वाहत्या पाण्याने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. हळद, चुना लावू नये.

पाय बधिर असल्याचे सांगितले की बूट-चपलांचा सल्ला मिळतो, पण घरात उंदीर आहेत का, हे क्वचितच विचारले जाते. रुग्णही लाजेने बोलत नाही. चाळीत, झोपडपट्टीत किंवा धान्याच्या गोदामाशेजारी राहणाऱ्याला एकट्याने उंदीर आवरणेही शक्य नसते; तिथे कचरा वेळेवर उचलणे ही पालिकेची आणि ग्रामपंचायतीची जबाबदारी ठरते. साखरेच्या आकड्याइतकाच हा प्रश्नही तपासणीच्या टेबलावर यायला हवा.