मातीच्या मावळ्यांचं पाप

दिवाळी आली की मंडळात तोच विषय. मुलांनी किल्ला करावा, पण मावळे नकोत. हातात तलवार म्हणजे हिंसा! दाखला यशोधर राजाच्या पिठाच्या कोंबड्याचा. अहो, मग कथा पुरती वाचा ना! सोमदेवसूरींच्या ९५९ सालच्या 'यशस्तिलका'त पाप पिठाला लागत नाही, बळी द्यायचा म्हणून सुरी चालवणाऱ्या मनाला लागतं. हळिवाच्या हिरवळीत पहारा देणारा वीतभर मावळा कुणाला मारतो?

आणि आपल्या सुरतेत तर मावळे झाकून भागणारच नाही. १६६४ च्या जानेवारीत महाराजांनी हे शहर लुटलं, त्यात वीरजी व्होरांचं घर गेलं. वीरजी जैन, म्हणजे आपले. आणि आपण मराठी, महाराजही आपलेच. पोर विचारणारच, "आई, आपण कुणाच्या बाजूचे?" हा प्रश्न नको म्हणून काहीजणी अहिंसेचा पदर पुढे ओढतात, असं मला स्पष्ट दिसतं.

माझ्या मुलाच्या किल्ल्यावर मावळे राहतील. पायथ्याशी खोक्याचं एक घर राहील, वीरजींचं. दोघांचीही गोष्ट मीच सांगणार. सकाळी देरासरात निर्वाण लाडू चढवून झाला की या बघायला, फराळ आहेच.