चाकावरचं बिऱ्हाड खरंच स्वस्त पडतं?

बऱ्याच वीकेंडनंतर लिहितोय. (रिलीज होतं, दुसरं काय!)

आमच्या टीममधल्या एका मित्राच्या डोक्यात सध्या एकच किडा वळवळतोय. हिंजवडीचा फ्लॅट सोडायचा, सेकंडहँड ट्रॅव्हलर घ्यायची, आत पलंग, ओटा, सोलर बसवायचं आणि त्यातच राहायचं. "भाडं वाचेल रे!" हे पालुपद. यूट्यूबवर गोरी जोडपी डोंगरकड्याला गाडी लावून कॉफी पितात ना, ते बघून आलेलं हे खूळ.

मग काय, शनिवारी एक्सेल उघडलं. गाडी ९ लाख, आतलं काम ५ लाख, एकूण १४. पाच वर्षांचं कर्ज १२ टक्क्यांनी धरलं तर हप्ता ३१ हजार. साहेबांचं आत्ताचं भाडं २२ हजार! बरं, रोख घेतली म्हणू. १४ लाखांवरचं ७ टक्के व्याज बुडालं, म्हणजे महिना ८ हजार. पाच वर्षांनी गाडी निम्म्या किमतीला गेली तर आणखी पावणेबारा हजार. झाले की वीस हजार! यात डिझेल, विमा, टायर, पार्किंग, धोबी काहीच नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आहेच. नोंदणीच्या तपशिलाला सोडून गाडीत परस्पर बदल करता येत नाहीत.

पण मला वेगळंच आठवत होतं. माझं गाव चुडावा, पूर्णा आणि नांदेडच्या मधलं स्टेशन. आमच्याकडे ऊस तयार झाला की तोडणीच्या टोळ्या यायच्या, अजूनही येतात. बैलगाडीत भांडी, पीठ, अंथरूण, कोंबड्या आणि वर बसलेली पोरं. शेतात कोप्या पडायच्या. लहानपणी मला त्यांचा फार हेवा वाटायचा, रोज सहल!

गेल्या संक्रांतीला गावी गेलो होतो. एका कोपीपाशी भाकरी थापणाऱ्या मावशींना विचारलं, "इथं राहून भाड्याचे पैसे वाचत असतील ना?" (आयटीवाल्याचा प्रश्न!) त्या हसल्या. "भाडं कशाचं दादा? गावाला घर हाय की. म्हातारी राहती तिथं, पोरगी तिच्यापाशी. तिकडं पैसे धाडावे लागतेत, इकडं बी चूल पेटवावी लागती."

एका घराच्या दोन चुली. हा कॉलम माझ्या एक्सेलमध्ये नव्हताच.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला. नवरा-बायकोनं मिळून दिवसाला दोन टन तोडला असं धरलं तर दोघांचे मिळून ७३२ रुपये. मुकादमाकडून घेतलेली उचल आधी त्यातूनच फिटायची. आजारी पडलं की खाडा. पोरगी आजीपाशी ठेवली तर शाळा टिकते, सोबत आणली तर बुडते, आणि त्याची किंमत कुठल्याच हिशोबात येत नाही. फिरतं घर स्वस्त दिसतं, कारण त्याचा निम्मा खर्च दुसऱ्या घरातलं कुणीतरी सोसत असतं.

अमेरिकेतही सगळे कॉफीवाले नाहीत बरं का. जेसिका ब्रूडरचं 'नोमॅडलँड' हे पुस्तक २०१७ चं; त्यावरच्या सिनेमाला २०२१ मध्ये ऑस्कर मिळालं. त्यातली बरीच माणसं साठी ओलांडलेली, २००८ च्या मंदीत मोडलेली. व्हॅनमध्ये राहून हंगामात बीट काढायला, अमेझॉनच्या गोदामात खोकी उचलायला जाणारी. मला तर थेट आमच्या टोळ्याच दिसल्या, फक्त बैल नव्हते.

माझं स्पष्ट मत: हौस असेल तर खुशाल घ्या गाडी. वर्षभर हिंडा, मजा करा, त्याला मोल नाही. पण बचतीचं नाव सांगू नका. ज्याला मागं पक्कं घर आहे त्यालाच ही हौस परवडते, आणि मग त्या घराचाही खर्च चालूच असतो. आधारवरचा पत्ता, गॅसचं कनेक्शन, आजारपणात टेकायला खोली... हे सगळं कुणाच्या तरी दारात लागतंच.

हे सगळं मित्राला ऐकवलं. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "ठीक आहे. पण आधारवर पत्ता तुझ्या चुडाव्याचा टाकला तर चालेल का? आणि पावसाळ्यात गाडी तुमच्या अंगणात लावली तर?"

आईला विचारून सांगतो म्हटलंय. :)