पाण्याची अक्कल कोणास?
कुणब्यास पाण्याची अक्कल नाही, असे पुस्तकी शहाणे आम्हांस उठल्याबसल्या ऐकवितात. त्यांनी एकदा धुळे-नाशकाकडे पांझरा-मोसमकाठ पाहावा! आमच्याच वाडवडिलांच्या घामाने तेथे नदीस बंधारे पडले, पाट निघाले, शिवाराचे फड झाले. एका फडात एकच पीक. पाणी पाटकरी फिरविणार. पाऊस ओढला की एखादा फड सर्वांच्या संमतीने पडीक. ना इंजिन, ना साहेब.

जोतीरावांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून लष्कर-पोलिसांकडून ताली-बंधारे घालवा म्हटले. ते कोणी मनावर घेतले? पुढे नदीवर वरच्या अंगास धरणे झाली, विहिरी खोल गेल्या, पुष्कळ फड मोडले. मोडल्यावर हेच शहाणे पाणीवाटपाची व्याख्याने झोडतात!

पण बंधूंनो, त्यांचे राहू द्या. तुमच्या गावच्या पाटातला गाळ यंदा कोणी काढला?