हा हात कोणाचा?

चित्रासमोर उभं राहून "हे नक्की काय आहे?" असं विचारणाऱ्यांशी माझं भांडण नाही. (नातेवाईकांनो, निर्धास्त राहा!) निदान ते बघून तरी विचारतात. भांडण आहे ते न बघताच उत्तर देणाऱ्यांशी.

तैयब मेहतांची कोसळणारी, तुटलेली माणसं घ्या. उत्तर तयारच असतं. १९४७ च्या दंगलीत मुंबईत मोहम्मद अली रोडवर जमावाने एका माणसाला मारून टाकताना त्यांनी खिडकीतून पाहिलं, म्हणून चित्रातला माणूस तुटलेला. झालं! फाळणी, हिंसा, वेदना... तीन शब्द टाकले की पुढच्या चित्राकडे जायला आपण मोकळे. घटना खरी आहे, ते स्वतःच सांगत असत. पण दंगली हजारोंनी पाहिल्या, ही चित्रं एकानेच काढली. त्याचं काय?

जरा रंग बघा ना. आधीच्या चित्रांत तो जाड, खरबरीत, हाताचा जोर दाखवणारा. १९६८ मध्ये फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेल्यानंतर तो सपाट होत गेला, भिंतीला द्यावा तसा. मग कॅनव्हासवर आरपार एक तिरका पट्टा आला आणि त्याने माणूस चिरला. गंमत अशी की रंग मात्र शांत! आक्रोश आहे तो फक्त उघड्या तोंडात आणि भलत्याच ठिकाणाहून निघालेल्या हातात. ज्याच्यावर राग काढावा असा मारेकरी चित्रात कुठेच नाही. माणूस कापलाय तो चित्राच्या रचनेनेच. मला हे दंगलीच्या गोष्टीपेक्षा जास्त भयानक वाटतं.

आणि त्यांचा बैल? कत्तलीआधी पाय बांधून पाडलेला. १९७० च्या त्यांच्या 'कूडल' या लघुपटात तर वांद्र्याचा कत्तलखानाच आहे. बैलाचे सगळे अवयव शाबूत आहेत, तरी तो हलू शकत नाही. म्हणजे तुटण्याइतकंच आवळलं जाणंही या माणसाला दिसत होतं. ते त्या तीन शब्दांत कुठे बसवायचं? १९५६ चा असा एक बैल २०२५ मध्ये लिलावात साठ कोटींच्या वर गेला, तेव्हा सगळीकडे चर्चा किमतीची. बैलाबद्दल एक अक्षर नाही. असो.

आमच्या मावशीने मेहतांचं एक चित्र पुस्तकात बराच वेळ, चष्मा पुसून पुसून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "हा डावा हात कोणाचा रे?" शेजारच्या पानावरच्या लांबलचक लेखात हा प्रश्न कुठेच नव्हता.