पेस्टलची चित्रे आणि मळलेले हात

चित्रकलेच्या तासानंतर मूल माखलेली बाही घेऊन घरी आले, की पेस्टलची पेटी कपाटाच्या वरच्या फळीवर जाते, असे पुष्कळ पालक आम्हांस सांगतात. त्यांचा त्रास आम्ही जाणतो. परंतु हा सारा दोष मुलाच्या गबाळेपणाचा, हे मत आम्हांस मान्य नाही.

मऊ पेस्टलचा खडू म्हणजे बहुतांशी निव्वळ रंगाची पूड; कांडी वळावी इतकाच डिंक तीत असतो. हा रंग कागदात मुरत नाही. कागदाच्या खरखरीत अंगावर तो नुसता टेकलेला असतो व तळहात लागताच जागा सोडतो. तैलखडू मेण व तेल यांत बांधलेला असल्याने त्याची धूळ उडत नाही. पण तो पुरता वाळतही नाही, म्हणून चिकटतो. फ्रेंच चित्रकार शार्दँ यांनी १७७१ व १७७५ साली काढलेली पेस्टलची आत्मचित्रे पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. अशा निष्णात हातांच्या पेस्टलचित्रांनाही काचेचे संरक्षण द्यावे लागते. मग बाराव्या वर्षीच्या मुलावर रागावून काय होणार?

येथे आमचीच एक चूक सांगणे प्राप्त आहे. डावीकडून आरंभ करून उजवीकडे जावे, म्हणजे हात रंगावर घासत नाही, असा नियम आम्ही वर्गास घालून दिला होता. एका मुलाचे चित्र तरीही दर वेळी फरफटलेले असे, आणि आम्ही त्यावर 'अस्वच्छ' असा शेरा मारीत असू. मुलगा डावखुरा होता! आमचा नियम पाळूनच तो बिचारा चित्र बिघडवीत होता. त्यास उजवीकडून आरंभ करावयास सांगताच डाग थांबले. जुने शेरे आम्ही आमच्या हातांनी खोडले.

तेव्हापासून स्वच्छतेस निराळे गुण ठेवण्याची रीत आम्हांस पटेनाशी झाली आहे. गुण जातील या धास्तीने मुले कागदाच्या मध्यावर एक लहानसे फूल काढून स्वस्थ बसतात. सायंकाळचे आकाश रंगवावयाचे तर रंग बोटाने पसरावाच लागतो.

नको असलेला डाग मात्र टाळता येतो. हाताखाली कोरा कागद ठेवावा. फळी किंचित उभी धरावी, म्हणजे पूड खाली गळते. ती फुंकू नये, कारण ती श्वासावाटे आत जाते. फळीस मागून टिचकी मारणे पुरे. फिके रंग आधी, काळा अगदी शेवटी. डाग पडलाच तर रबर घासू नये, त्याने रंग अधिक आत दाबला जातो. ताठ केसांच्या कुंचल्याने तो हलकेच झाडावा. पुरे झालेल्या चित्राची सुरळी न करता त्यावर बटरपेपर घालून ते सपाट ठेवावे.

तैलखडू फडक्याने पुसला की झाले. मऊ खडू मळले असतील तर डब्यात तांदूळ घालून त्यांत ते हलकेच हलवावेत. वरचा मळ तांदळास लागतो. हे तांदूळ आईस विचारूनच घ्यावेत, कारण ते पुन्हा शिजविता येत नाहीत.