सोळा सिलिंडरांचा हट्ट

मोडेना परिसरात फेरारी, मासेराती आणि लॅम्बोर्गिनी अशी तिन्ही घराणी नांदत असताना तिथे आणखी एका वेगवान गाडीचा कारखाना काढणे म्हणजे पंढरपुरात बुक्क्याचे आणखी एक दुकान थाटण्यासारखेच. क्लाउदिओ झाम्पोल्लीने ते धाडस केले. तेही आठ किंवा बारा नव्हे, थेट सोळा सिलिंडर लावून.

झाम्पोल्ली एकेकाळी लॅम्बोर्गिनीत होता. पुढे लॉस एंजेलिसला जाऊन त्याने इटालियन गाड्या विकण्याचा आणि दुरुस्त करण्याचा व्यवसाय मांडला. गिऱ्हाईक सगळे नामवंत, त्यातही संगीतवाले बरेच. गिटारवादक एडी व्हॅन हेलनला गायक सॅमी हेगरकडे त्यानेच वळवले आणि १९८५ मध्ये हेगर एडीच्या बँडमध्ये दाखलही झाला. मेकॅनिकने एखाद्या रॉक बँडची सोयरीक जुळवल्याची दुसरी उदाहरणे फारशी नसावीत.

याच वर्तुळात त्याला भागीदार भेटला, जॉर्जिओ मोरोदेर. डोना समरच्या डिस्को गाण्यांमागचा हा संगीतकार. ‘मिडनाइट एक्सप्रेस’, ‘फ्लॅशडान्स’ आणि ‘टॉप गन’साठी त्याला तीन ऑस्कर मिळाली. झाम्पोल्लीच्या नावाची आद्याक्षरे सी आणि झेड, इटालियन उच्चाराने ‘चि’ आणि ‘झेता’. त्यांना मोरोदेरचे आडनाव जोडून गाडी झाली ‘चिझेता-मोरोदेर व्ही-१६ टी’.

शरीर मात्र दुसऱ्याच गाडीसाठी कल्पिलेले. मिउरा आणि काउंटाश या गाड्या रेखाटणाऱ्या मार्चेल्लो गांदीनीने लॅम्बोर्गिनीच्या आगामी डियाब्लोचा आराखडा केला होता. पण १९८७ मध्ये लॅम्बोर्गिनी अमेरिकेच्या क्रायस्लरने विकत घेतली आणि नव्या मालकांच्या डिझाइनरांनी त्यातल्या तीक्ष्ण कडा घासून गुळगुळीत केल्या. गांदीनीची मूळ कल्पना मग झाम्पोल्लीच्या पदरात पडली. म्हणून चिझेता पाहिली की डियाब्लोची आठवण होते. फक्त ही अधिक उद्दाम, एकावर एक अशा उघडझाप करणाऱ्या दिव्यांच्या दोन जोड्या मिरवणारी. डियाब्लो १९९० मध्ये आली. चिझेता त्याआधीच, १९८८ मध्ये, लॉस एंजेलिसला लोकांपुढे आली होती.

खरी करामत इंजिनात. लॅम्बोर्गिनीच्या उराको गाडीतल्या व्ही-८ ची घडण समोर ठेवून अशी दोन इंजिने शेजारी शेजारी, एकाच ब्लॉकमध्ये बांधली. हे लांबलचक धूड चालकाच्या पाठीमागे आडवे ठेवले, शक्ती मधोमध काढून घेतली आणि गिअरबॉक्स मागे उभा जोडला. वरून पाहिले तर टी अक्षर दिसते, नावातला ‘टी’ तिथला. क्षमता जवळपास सहा लिटर, व्हॉल्व्ह ६४, ताकद ५४० अश्वशक्ती. इंजिन आडवे म्हणून गाडीची रुंदी दोन मीटरच्याही पुढे गेली. कंपनी ताशी ३२८ किलोमीटर वेगाचा दावा करत असे. व्यवहार पाहिला तर बारा सिलिंडरांत भागले असते, हे झाम्पोल्लीला न कळण्याइतका तो नवखा नव्हता. पण व्यवहार पाहायचा तर मुळात हा कारखानाच का काढायचा?

अवघड इंजिन जमले, सोपे वाटणारे कागद नडले. ज्या अमेरिकेत गाडीचे थाटात अनावरण झाले, तिथल्या प्रदूषण आणि सुरक्षेच्या नियमांची मान्यता तिला नव्हती, म्हणजे सर्वांत मोठी बाजारपेठ दारातच बंद. मोरोदेर लवकरच बाहेर पडला. नव्वदीच्या सुरुवातीला महागड्या गाड्यांचा बाजारही आटला. ब्रुनेईच्या राजघराण्यासारखे हौशी गिऱ्हाईक होते, पण राजघराणी किती असणार? कंपनीने १९९४ मध्ये दिवाळे काढले. तोवर जेमतेम दहाएक गाड्या तयार झाल्या होत्या.

झाम्पोल्लीने तरीही नाद सोडला नाही. बस्तान पुन्हा लॉस एंजेलिसला हलवून तो मागणीप्रमाणे गाडी बांधून द्यायला तयार असे. २००३ मध्ये त्याने छत नसलेली एक आवृत्तीही केली. २०२१ मध्ये तो वारला.

पुढच्याच वर्षी ॲरिझोनातल्या लिलावात मोरोदेरने स्वतःकडे ठेवलेली पांढरी पहिली गाडी आली. त्याचे नाव असलेली ती एकमेव. नंतरच्या सगळ्या नुसत्याच ‘चिझेता’. मोरोदेरची ही गाडी १३ लाख ६३ हजार ५०० डॉलरना विकली गेली.