टीव्ही भंगारात काढण्यापूर्वी...

मंडळी, इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये एखादी वस्तू ‘खराब’ ठरायला किती वेळ लागतो? माझ्या निरीक्षणाप्रमाणे दोन मिनिटं! बटण दाबायचं, नाही चाललं तर वरून एक चापट मारायची, तरीही नाही चाललं तर "गेला रे!" असं जाहीर करून निघून जायचं.

परवा नोटीस बोर्डावर भंगाराची यादी लागली. त्यात मेसच्या मामांच्या खोलीतला जुना २१ इंची टीव्ही आणि त्याच्यासोबतचा डीव्हीडी प्लेअर अशी दोन नावं आहेत. कारण काय, तर ‘डिस्क दिसत नाही’. रात्री भांडी आवरून झाल्यावर मामा लोकांची तेवढीच एक करमणूक. वरच्या तीन मजल्यांवर भावी इंजिनिअर झोपलेले (किंवा जागे!) असताना खाली हे कारण लिहून एखादी वस्तू भंगारात जावी, हे निदान मला तरी पटत नाही.

माझं म्हणणं अगदी साधं आहे. प्लेअर आणि टीव्ही ही दोन वेगळ्या पिढ्यांची माणसं आहेत. आपल्याकडे दूरदर्शन रंगीत झालं १९८२ साली, आणि डीव्हीडी बाजारात आली १९९६ मध्ये, तीही आधी जपानात. तेव्हा बऱ्याचदा दोघंही धडधाकट असतात, फक्त एकाचं बोलणं दुसऱ्याला कळत नाही. म्हणून निकाल देण्याआधी सिग्नलच्या मागोमाग चालत जावं : प्लेअरमधून निघाला का? वायरीतून गेला का? टीव्हीने तो घेतला का? एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सगळ्या पिना एकदम उपटल्या की काय चुकलं होतं ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

मी आणि माझा रूममेट रविवारी मामांच्या खोलीत गेलो. पडद्यावर नुसत्या मुंग्या. पहिला प्रश्न : टीव्ही बघतोय कुठे? तो अँटेनाचं चॅनेल बघत होता, आणि प्लेअर जोडला होता एव्हीच्या भोकांत! टीव्हीचा रिमोट कधीच हरवलेला, त्यामुळे एव्हीवर जाणार कोण? (काही जुन्या टीव्हींत चॅनेल शून्यावर नेलं की एव्ही येतं, इथे तेही नव्हतं.) बाजारातून युनिव्हर्सल रिमोट आणला आणि प्लेअरचं नाव पडद्यावर झळकलं. ही खूण लक्षात ठेवा. डिस्क न घालता प्लेअरचं नाव दिसलं, तर जोडणी ठीक आहे. मग दोष शोधायचा तो डिस्कमध्ये. ती घाणेरडी असेल, किंवा काकांनी अमेरिकेहून आणलेली रीजन १ ची असेल. आपल्याकडचे प्लेअर रीजन ५ चे असतात.

चित्र आलं, पण कृष्णधवल. इथे दोन संशयित असतात. पहिला म्हणजे पिना. पिवळी पिन चित्राची, पांढरी डाव्या आवाजाची आणि लाल उजव्या आवाजाची. प्लेअरच्या मागे हिरवं-निळं-लाल असं आणखी एक त्रिकूट असतं, ते कंपोनंट व्हिडिओचं. टीव्हीची पिवळी वायर प्लेअरच्या हिरव्या भोकात घातली तर चित्र येतं, पण रंग येत नाहीत. दुसरा संशयित म्हणजे पाल. भिंतीवरची नव्हे, आपली टीव्ही पद्धत! पालमध्ये सेकंदाला ५० फील्ड आणि रंगाची माहिती ४.४३ मेगाहर्ट्झवर, अमेरिकेच्या एनटीएससीत साधारण ६० फील्ड आणि ३.५८ मेगाहर्ट्झ. प्लेअर एनटीएससीवर असेल आणि टीव्हीला फक्त पाल कळत असेल, तर रंग जातात, कधी चित्र वरखाली गडगडतं. मामांच्या प्लेअरमध्ये हेच होतं. सेटिंग बदललं आणि रंग आले.

चित्र तिरप्या रेघांत फाटत असेल, तर प्लेअर प्रोग्रेसिव्ह स्कॅनवर आहे का ते बघा. जुन्या टीव्हीला सेकंदाला १५,६२५ ओळी झेपतात. प्रोग्रेसिव्हमध्ये त्या दुप्पट होतात. मेनूच दिसत नसेल तर सेटिंग बदलणार कसं? पुष्कळ प्लेअरांच्या रिमोटवर त्यासाठी वेगळं बटण असतं, नाहीतर प्लेअर दुसऱ्या टीव्हीला जोडून सेटिंग बदलावं.

आवाजाची गंमत वेगळीच. गाणी दणदणीत, पण संवाद ऐकूच येईनात! प्लेअर ५.१ वर ठेवलेला होता. त्यात संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरला जातात, आणि मामांकडे मधला स्पीकर आहे कुठे? ‘डाउनमिक्स’ करून स्टिरिओ केला आणि नायक बोलू लागला. एकूण वेळ एक तास, खर्च एका रिमोटचा.

टीव्ही त्याहून जुना, फक्त अँटेनाचं भोक असलेला असेल तर? तिथे पिवळी वायर सोलून अँटेनाच्या वायरीला गुंडाळणारे महाभाग मी पाहिले आहेत. नाही चालणार, मंडळी! पिवळ्या पिनेतून येतो तो बेसबँड सिग्नल, आणि अँटेनाच्या भोकाला हवा असतो कॅरिअरवर बसलेला. म्हणजे मधे मॉड्युलेटर पाहिजे. तोही आपल्या पद्धतीचा, कारण आपल्याकडे आवाज चित्राच्या ५.५ मेगाहर्ट्झ वर असतो आणि अमेरिकेत ४.५. तिकडचा मॉड्युलेटर लावला तर चित्र येऊनही आवाजाच्या नावाने शंख! मॉड्युलेटर म्हणून मधे जुना व्हीसीआर लावला, तर विकतच्या बऱ्याच डिस्कवरच्या कॉपी-संरक्षणामुळे चित्र उजळतं आणि मंदावतं. तेव्हाही "टीव्ही गेला" म्हणू नका.

नव्या ब्लू-रे प्लेअरचं दुखणं उलटं. परवान्याच्या अटींमुळे २०१३ नंतर बनलेल्या ब्लू-रे प्लेअरांतून चित्राच्या अ‍ॅनालॉग पिनाच गेल्या. उरलं एचडीएमआय. तिथे नुसती वायर उपयोगाची नाही, वीज घेणारा कन्व्हर्टर लागतो. तो ‘एचडीएमआयकडून एव्हीकडे’ जाणाराच घ्या. उलट दिशेचाही अगदी तसाच दिसतो.

आता गंमत बघा. मॉड्युलेशन, कॅरिअर, फील्ड, ओळी... हे सगळं आपण व्हायवात घडाघडा म्हणतो. जर्नलमध्ये आकृत्याही सुबक (कुणाच्या जर्नलवरून, ते विचारू नका). पण तोच धडा टीव्हीच्या रूपाने समोर आला की आपल्याला तो ओळखू येत नाही. मार्कांसाठी शिकलेलं मामांच्या उपयोगी पडू नये, हा दोष अभ्यासक्रमाच्या माथी मारून आपण किती दिवस मोकळे होणार?

काही जण म्हणतील, "मोबाईलवर सगळं दिसतं, त्या डब्यासाठी एवढा खटाटोप कशाला?" मोबाईलवर एकटा माणूस बघतो, मामांच्या खोलीत सहा जण बसतात. शिवाय डबा फेकणं सोपं नाही. पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं. १ एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियम लागू आहेत. किलोच्या भावाने भंगारवाल्याला देऊन हात झटकायची ही वस्तू नव्हे. खरोखरच गेलेला टीव्ही जरूर काढावा, पण नोंदणीकृत रिसायकलरकडे.

एक ताकीद मात्र सर्व उत्साही वीरांना. वर सांगितलेलं सगळं टीव्हीच्या बाहेरचं आहे. मागचं झाकण उघडायचं नाही! रंगीत ट्यूबवर वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि टीव्ही बंद केल्यावरही तो काही काळ राहू शकतो. तिथे जाणकार मेकॅनिकच हवा.

रेक्टर सरांना माझी विनंती आहे की ही दोन नावं यादीतून वगळावीत. यापुढे कुठलीही वस्तू यादीत घालण्याआधी ती एकदा खात्रीच्या वायरीने, खात्रीच्या दुसऱ्या यंत्राला जोडून तपासावी, आणि ‘तपासली’ म्हणून एका विद्यार्थ्याची सही घ्यावी. हॉस्टेल ऑफिसमध्ये जादा वायरी आणि रिमोटचा एक खोका ठेवावा. यादीत अजून एक म्युझिक सिस्टीम आणि दोन टेबल फॅन आहेत. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही दोघं ऑफिससमोर टेस्टर आणि मल्टिमीटर घेऊन बसतोय. ज्यांना नुसतं "गेला रे!" म्हणायचं असेल, त्यांनी त्या दिवशी उशिरापर्यंत झोपावं, बाकीच्यांनी यावं.

— तृतीय वर्ष, ई अँड टीसी